जेरोपचं गवत

लग्नाच्या दिवशी जेरोप सासरच्या फाटकाशी येऊन थांबली. नव्या नवरीनं थांबायचंच असतं. सासरच्या माणसांनी गाय कबूल केल्याशिवाय नवरी आत पाऊल टाकत नाही, आणि लवकर टाकलं तर मुलीला घाई झाली होती असं बायका वर्षभर बोलतात. जेरोप मान खाली घालून उभी राहिली. नणंदांनी ओढून पाहिलं, गाणी म्हटली, पण ती हलली नाही. शेवटी सासरा पुढे आला. अराप मेटो त्याचं नाव. उंच, हाडकुळा, हातात काठी.

"सामोची पुढची कालवड तुझी," तो म्हणाला. "झालं समाधान? चल आता आत. तू चहाच्या मळ्यातली, तुला उन्हात उभं राहायची सवय आहे. आम्हाला नाही."

सगळे हसले. जेरोपलाही हसू आलं, पण टोमणा तिला बरोबर कळला. तिचे आईबाप चहाच्या मळ्यात पानं खुडायचे. मळ्याच्या चाळीत कोंबडीसुद्धा चोरून पाळावी लागे, गायीची तर बातच सोडा. केनियाच्या नांदी मुलखात जन्म होऊन गायीला हात न लावता लग्नाची झालेली पोरगी म्हणजे लोकांच्या दृष्टीनं जरा अर्धवटच.

सामो ही अराप मेटोची आवडती गाय, लाल-पांढऱ्या ठिपक्यांची, गावठी, बुटकी आणि तिखट स्वभावाची. पहिल्याच आठवड्यात तिनं जेरोपला दुधाच्या भांड्यासकट लोळवलं. म्हातारा कुंपणाला टेकून बघत होता.

"ती काय चहाचं झुडूप आहे?" तो ओरडला. "नुसती खुडायला गेलीस! आधी बोल तिच्याशी. नाव घे. तिच्या आईचंही घे."

जेरोपनं चिखल झटकला आणि पुन्हा बसली. सामोचं नाव घेतलं, तिच्या आईचं घेतलं, मग सासऱ्याकडे बघून म्हणाली, "तुमचंही घेऊ का, बाबा?" म्हाताऱ्याला खो खो हसू आलं. तेव्हापासून दोघांचं जमलं. म्हणजे भांडण रोज व्हायचं, पण एकमेकांशिवाय दोघांचाही दिवस जात नसे.

जेरोपचा नवरा किप्तालाम गवंडी होता. एल्डोरेट शहरात कामाला असायचा आणि शनिवारी घरी यायचा. त्यामुळे घर, मका, भाजीचा वाफा आणि लहानगी लेक चेलागत हे सगळं जेरोपच्या अंगावर होतं, आणि गुरं म्हाताऱ्याच्या. सकाळची धार झाली की अराप मेटो गुरं घेऊन ओढ्याकाठच्या कुरणावर जायचा. गावातली सगळी गुरं तिथंच चरायची. तिथंच खाऱ्या मातीचा उंचवटा होता, तिथं ती माती चाटायला सगळी जनावरं अंगाला अंग घासत गोळा व्हायची. आणि म्हातारी माणसं अंजिराच्या झाडाखाली बसून जगाचा कारभार हाकायची.

सामो माजावर आली तेव्हा जेरोपनं हट्ट धरला की या वेळी गावातला बैल नको, कृत्रिम रेतन करून घेऊ. मोठ्या जातीची कालवड झाली तर दूध दुपटीनं येईल, डेअरीत घालता येईल. म्हातारा कुरकुरला, "मोटरसायकलवरून येणारा बैल मी आयुष्यात पाहिला नव्हता." पण कालवड सुनेला कबूल केलेली, म्हणून सुनेचा शब्द चालला.

काळी-पांढरी कालवड झाली. जेरोप तिला बघून दिवसभर गुणगुणत होती. वर्षभर ती वाढली, इतर गुरांबरोबर कुरणावर गेली, खारी माती चाटून आली. आणि एके दिवशी तिनं गवताला तोंड लावलं नाही. कानाखाली लिंबाएवढी गाठ आली. अंग भाजत होतं. डोळ्यांतून पाणी, मग धाप, मग नाकातून फेस. शेजारीपाजारी आले, कुणी झाडपाला दिला, कुणी गाठीवर डाग द्यायला सांगितलं. डागलंही. कालवड वाचली नाही.

"गाठीचा ताप," अराप मेटो म्हणाला. "नेतो तो. माझी सामो बघ, तिच्या केसालाही धक्का नाही. पाहुण्या रक्तात जीव नसतो, पोरी."

खड्डा खणायला जेरोपनं स्वतः कुदळ घेतली.

त्यानंतर किती तरी दिवस तिनं गायीचं नाव काढलं नाही. पण गावातल्या बायकांचा एक गट होता. त्यांची पद्धत अशी की एकीला गाय मिळाली की तिची पहिली कालवड पुढचीला द्यायची, तिनं तिच्या पुढचीला. जेरोपची पाळी आली. तिला कालवड देणारी होती तापकिगेन नावाची, थोड्या वरच्या अंगाला राहणारी बाई. तापकिगेन तोंडाची फटकळ आणि मनाची मऊ.

"देते," ती म्हणाली, "पण ओढ्यावर पाठवणार असशील तर आत्ताच सांग, मी दुसरीला देते. माझ्याकडची जनावरं गोठ्याबाहेर पडलेली नाहीत. त्यांना गोचीड कशी दिसते ते माहीत नाही, आणि गोचिडीला ती सापडली तर संपलं."

"गोठा बांधते," जेरोप म्हणाली.

किप्तालामनं दोन शनिवार-रविवार खपून गोठा बांधला. गवंडीच तो. घराची भिंत वाकडी राहिली असती, पण गोठ्याची जमीन त्यानं पातळी लावून केली. दगडी फरशी, वर पत्रा, पुढे लाकडी गव्हाण. पांढुरकी, मोठ्या डोळ्यांची कालवड आली. तिचं नाव ठेवलं चेलेल. जेरोपनं घरामागे हत्तीगवताचा एक पट्टा लावला होता. ती रोज विळ्यानं कापून, बारीक करून चेलेलला घालायची. पुढे मोठी होऊन चेलेल व्यायली तेव्हा तिला गोऱ्हा झाला, पण दूध असं की डेअरीच्या मोटरसायकलवाल्यानं कॅन उचलताना शीळ घातली.

अराप मेटोला गोठा मुळीच पटला नाही. जाता-येता तो चेलेलला हाक मारायचा, "काय गं, सुटका कधी?" आणि जेरोपला म्हणायचा, "गायीनं चालावं, वास घ्यावा, दुसऱ्या गायीला शिंगं दाखवावीत. हिनं काय गुन्हा केला?"

"गुन्हा तिनं नाही केला, बाबा. गोचिडींनी केला. बाहेर त्या मोकाट आहेत म्हणून ही आत."

"म्हणजे चोर बाहेर आणि घरधनी तुरुंगात! वा, काय न्याय!"

जेरोप विळा उचलून गवत कापायला निघून गेली.

त्या वर्षी जानेवारी कोरडा गेला. फेब्रुवारी त्याहून कोरडा. हत्तीगवताचा पट्टा बुडख्यापर्यंत कापून झाला, नवीन फूट येईना. चेलेलचं दूध उतरायला लागलं. ओढ्याकाठी मात्र ओल होती, गवत हिरवं होतं. जेरोप रोज दुपारी तिकडे जाऊन भारा कापून आणू लागली. गाय बाहेर नाही गेली म्हणजे झालं, असा तिचा सरळ हिशोब होता.

महिना सरता सरता एका सकाळी धारेला बसण्याआधी तिनं सवयीनं चेलेलच्या मानेवर डोकं टेकलं, आणि गालाला चटका बसल्यासारखं झालं. गायीचं अंग तापलं होतं. तिचा हात आपोआप कानाखाली गेला. गाठ होती. जेरोपनं तशीच धार टाकली, चेलागतला आजोबांपाशी सोडलं आणि धावत तापकिगेनकडे गेली, कारण जनावरांच्या डॉक्टरचा फोन नंबर तापकिगेनकडे होता.

डॉक्टर नालियाका मोटरसायकलवरून आली. बाई ठेंगणी, बुटांना चिखल, बोलायला गोड. बुकुसू जमातीची होती ती, नांदी भाषा मोडकीतोडकी बोलायची, आणि गावातली म्हातारी माणसं मुद्दाम तिला अवघड शब्द विचारून गंमत करायची. पण त्या दिवशी कुणी गंमत केली नाही. तिनं ताप पाहिला, गाठ चाचपली, सुईनं गाठीतलं थेंबभर पाणी काढून काचेवर घेतलं आणि लगेच मांडीत औषध टोचलं.

"लवकर बोलावलंत," ती म्हणाली. "आणखी दोन दिवस गेले असते तर मी नुसती बघत बसले असते. बहुतेक उठेल ती. पण मला एक सांगा, ही बाहेर जाते का?"

"नाही!" जेरोप जवळजवळ किंचाळली. "दावणीवरून हललेली नाही. विचारा कुणालाही."

"मी साक्ष देतो," दारातून अराप मेटो म्हणाला. "जन्मठेप आहे तिला. तुरुंगातही ताप आलाच की नाही?"

डॉक्टरनं गव्हाणीकडे पाहिलं. "हे गवत कुठलं?"

"ओढ्याकाठचं."

नालियाकानं घरातून एक पांढरी चादर मागितली. अंगणात पसरली, आणि त्या सकाळी कापून आणलेला भारा उचलून तिच्यावर झटकला, खालून वर, जसं आपण रजई झटकतो. मग तिघं वाकून बघत बसले. आधी नुसतं गवताचं बी आणि धूळ. मग त्यातलं एक बी चालायला लागलं. मग दुसरं. तपकिरी, तिळाएवढ्या गोचिडी चादरीच्या कडेकडे निघाल्या होत्या.

"मीच आणल्या," जेरोप म्हणाली. "रोज डोक्यावर घेऊन."

"तुम्हाला कोण सांगणार होतं?" डॉक्टर म्हणाली. "गाय गवताकडे गेली काय आणि गवत गायीकडे आलं काय, गोचिडीला सारखंच." मग ती उठून सामोकडे गेली. कुरणावर निघायची वेळ झाली होती, सामो फाटकाशी उभी होती. डॉक्टरनं तिचा कान उलटा केला. आत गोचिडींची रांग लागली होती.

"ही कधी आजारी पडली होती?"

"कधीच नाही," अराप मेटो अभिमानानं म्हणाला.

"लहानपणी पडली असेल, आणि वाचली असेल. आता तिला काही होत नाही. पण आजार तिच्या रक्तात झोपलेला असतो, बाबा. गोचीड तिचं रक्त पिते, कुरणात गळून पडते, कात टाकून मोठी होते, आणि पुढच्या गायीची वाट बघत गवताच्या शेंड्यावर बसते. सामोसारख्या वीस-तीस गायी एका कुरणावर, एका खाऱ्या मातीवर. मग ते सगळं गवत तसंच होणार."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "म्हणजे माझ्या गायीनं सुनेची गाय आजारी पाडली, असं म्हणायचंय तुला?"

"गायीनं नाही, बाबा, गोचिडीनं."

"माझी सामो तुझ्या जन्माआधीपासून या घरात आहे," तो म्हणाला. हे खरं नव्हतं, पण त्याला ते तसंच वाटत होतं. त्यानं काठी उचलली आणि गुरं घेऊन निघून गेला.

चेलेल उठली. आधी पाणी प्यायली, मग जेरोपच्या हातून मक्याचं सुकं पान घेतलं, मग हळूहळू रवंथ करू लागली. तो आवाज ऐकत जेरोप किती तरी वेळ गव्हाणीला टेकून बसली. पण अंगणापलीकडे वेगळ्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्यानं तिच्या घरी चहाला येणं बंद केलं होतं. सकाळी कुंपणाशी उभं राहून टोमणे मारणंही बंद. जेरोपला ते टोमणे नसल्याचं फार लागलं.

तापकिगेन म्हणाली, "सरळ सांग त्याला, सामो विकून टाका. पुरुषमाणसांचा उगाच लाड."

"विकली तर तो काय करील दिवसभर?" जेरोप म्हणाली. "तुझ्या अंगणात येऊन बसेल?"

"नको बाई!" तापकिगेन म्हणाली.

एका सकाळी चेलागत शाळेत गेल्यावर जेरोपनं चेलेलची वैरण केली, दुधाच्या चहाचा थर्मास आणि मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा घेतला, आणि ओढ्याकाठी जाऊन अंजिराखाली बसली. म्हातारी मंडळी चपापली. बाई इथं कशाला? तिनं सगळ्यांना चहा ओतला. अराप मेटोनं आधी तोंड फिरवलं, मग चहाचा वास आला तेव्हा पेला पुढे केला.

ती दिवसभर बसून राहिली. कोणती गाय कोणत्या बैलाची, कोणाच्या आजोबानं कोणती वासरं कुठून आणली, हे सगळं तिनं ऐकलं. म्हाताऱ्यांनी गाणी म्हटली, एकेका बैलाच्या शिंगांची वर्णनं केली. अराप मेटो सामोचं डोकं मांडीशी घेऊन तिच्या कानातल्या गोचिडी नखानं काढत होता आणि दगडावर चिरडत होता. तो हे रोज करायचा. जेरोपला त्या दिवशी कळलं की म्हाताऱ्याला ही जागा तोडून चालणार नाही. इथंच त्याचं सगळं होतं.

परत येताना ती म्हणाली, "बाबा, सामोबद्दल मी काही बोलत नाही. मला रस्त्यालगतचा वरचा उतार द्या. हत्तीगवत लावते. तिथं कुणाचं जनावर शिरता कामा नये, बस एवढंच. म्हणजे ओढ्याचं गवत मला आणावं लागणार नाही."

"तिथं माझी गुरं संध्याकाळी उभी राहतात."

"माहीत आहे. ती उभी राहतात तिथं गोचिडी गळतात, म्हणूनच मागते आहे."

म्हातारा काठीनं गुरं हाकत पुढे निघाला.

मार्चमध्ये पाऊस झाला आणि सामो व्यायली. लाल-पांढरी, ठिपक्यांची कालवड, आईची हुबेहूब. अराप मेटो पोरासारखा नाचला. वासरू पायांवर आलं, बागडू लागलं, कुरणावर आईमागे जाऊ लागलं. आणि मे महिन्यात एक दिवस ते आईमागे गेलं नाही. म्हाताऱ्यानं कानाखाली हात लावला. त्याला माहीत होतं तिथं काय सापडणार ते.

तो वासरू खांद्यावर घालून जेरोपच्या दारात आला. एवढे दिवस तो या दाराशी फिरकला नव्हता, त्यामुळे नेमकं काय म्हणावं त्याला सुचेना.

"तुझ्या त्या... लेडी डॉक्टरला फोन कर," तो म्हणाला.

जेरोपनं फोन केला. मग गोठ्याच्या कडेला, चेलेलपासून लांब, पोतं अंथरून वासराला जागा केली. पण आधी तिनं ते पोत्यावर आडवं धरलं आणि त्याच्या कानांतून, शेपटीखालून गोचिडी वेचून रॉकेलच्या डबीत टाकल्या. म्हातारा शेजारी बसला आणि तोही वेचू लागला. डॉक्टर येऊन औषध टोचून गेली. वासराच्या तोंडात थोडं थोडं दूध सोडत दोघं बसून राहिली.

"माझी किती वासरं अशी गेली सांगू?" अराप मेटो एकदम म्हणाला. "बैलांच्या शिंगांची गाणी पाठ आहेत मला, पण वासरं... आम्ही मोजलीच नाहीत. निम्मी मरतात, निम्मी जगतात, जगली ती पोलादी, असं धरून चाललो. माझा बापही तसाच चालला. जगलेल्यांचंच कौतुक केलं आम्ही."

जेरोप म्हणाली, "ही जगेल."

"तुला काय माहीत?"

"मला काहीच माहीत नाही, बाबा. मी चहाच्या मळ्यातली. पण ही ढुशा द्यायला लागली आहे बघा."

खरंच वासरानं त्याच्या बोटाला ढुशी दिली. म्हातारा हसला, आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले.

वासरू जगलं. पुढच्या आठवड्यात अराप मेटोनं कुणालाही न विचारता रस्त्यालगतच्या उतारावर खुंट ठोकायला सुरुवात केली. किप्तालाम शनिवारी आला तेव्हा बापानं त्याच्याही हातात पहार दिली. जेरोपनं हत्तीगवताच्या कांड्या लावल्या. कुंपण झाल्यावर म्हातारा फाटकाशी असा उभा राहायला लागला की जणू आत सोनं पुरलंय. जो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधावरून गुरं हाकत आला, तो आता शेजारच्या अराप चुंबाची शेळी जवळून गेली तरी काठी उगारायचा.

"अरे, शेळी आहे ती," अराप चुंबा म्हणायचा.

"शेळीला कान नाहीत का?" अराप मेटो ओरडायचा.

ओढ्याकाठचं कुरण बंद झालं नाही. पण तिथं जाणाऱ्या जनावरांची फवारणी दर आठवड्याला करायची हे अंजिराखालीच ठरलं, आणि पंप सगळ्यांचा मिळून एक. त्याबद्दल भांडणं बरीच झाली. फवारणारा घाईत कान सोडून देतो, औषधात पाणी जास्त घालतो, हे जेरोपनं दोनदा जाऊन सांगितलं, तेव्हा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तू आमची सून आहेस की इन्स्पेक्टर?" अराप मेटो म्हणाला, "सून माझी आहे. तुमची इन्स्पेक्टर." मग फवारणी नीट व्हायला लागली.

वर्षअखेरीस डॉक्टर नालियाका गाठीच्या तापाची लस घेऊन आली. थंड डब्यातून आणावी लागते ती, आणि पुरेशी वासरं एका जागी असली तरच आणायला परवडते. वासरं गोळा करायचं काम म्हाताऱ्यानं अंगावर घेतलं. दारोदार जाऊन तो सांगत होता, मरणारी वासरं मोजा आधी, मग मला नाही म्हणा. चर्चच्या मैदानात सकाळपासून हंबरणं चाललं होतं. कानामागे एक सुई, मांडीत एक, आणि कानाला बिल्ला. ओळीत सगळ्यांत पुढे अराप मेटो होता, चेलेलच्या दुसऱ्या वेताची कालवड दोरीनं धरून. ती पुढच्या मोसमात गटातल्या दुसऱ्या बाईकडे जायची होती, खाली नदीपलीकडच्या एका विधवेकडे. तिच्या घरी अजून गोठा नव्हता.

"गोठा मी बघून येतो," म्हातारा जेरोपला म्हणाला. "किप्तालामला सांग, पातळी घेऊन चल. आणि फाटक बघायला मीच लागेन. फाटक तुम्हा लोकांना जमत नाही."

"आणि सामो?"

"सामो येईल बरोबर, चालायला. तिनं काय घरात बसायचं?"

"कान फवारून न्या, बाबा."

"कालच फवारलेत," तो म्हणाला, आणि कालवडीला घेऊन पुढे निघाला. कालवड सुईवर रागावलेली होती, ती त्याला ओढत मैदानभर फिरवत होती, आणि तो तिचं नाव घेऊन, तिच्या आईचं नाव घेऊन, तिला समजावत होता. जेरोप हातातला रिकामा दुधाचा कॅन खाली ठेवून त्या दोघांकडे बघत हसत होती, इतकी की तापकिगेननं तिच्या दंडाला चिमटा काढला आणि म्हणाली, "हस नंतर. वासरं धरायला आता तुझा नंबर. धर ते पुढचं वासरू."